परवान्याची मुदत का संपते?

घरात झुरळांचा सुळसुळाट झाला की आपण पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावतो. तो पंप घेऊन येतो, भांडी झाकून ठेवायला सांगतो, ओट्याखाली, मोरीत, कपाटांमागे फवारतो आणि निघून जातो. किती वेळ स्वयंपाकघरात जायचे नाही, हे आपण त्याला विचारतो. पैसे किती, हेही विचारतो. पण "तुमच्याकडे परवाना आहे का, आणि तो कधीपर्यंतचा आहे?" हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

अमेरिकेत या प्रश्नाला मोठे महत्त्व आहे. तिथे पैसे घेऊन कीटकनाशके फवारणाऱ्याला परीक्षा देऊन परवाना मिळवावा लागतो. आणि एकदा मिळाला म्हणजे तो जन्मभर पुरला, असेही नाही. टेक्सास राज्यात शेतीची व्यावसायिक फवारणी करणाऱ्याला दरवर्षी ठरावीक प्रशिक्षण घेतल्याचे दाखवावे लागते. कॅलिफोर्नियात फवारणीच्या कामावर देखरेख करणाऱ्या परवानाधारकाने दोन वर्षांत २० तासांचे शिक्षण घेतलेले असावे लागते, आणि त्यांतील किमान ४ तास कायदे व नियमांचे असावे लागतात. तास भरले नाहीत तर पुन्हा परीक्षा.

आता शिक्षकांच्या मनात एक प्रश्न येईल, कारण उजळणी वर्गांचा अनुभव आपल्यालाही आहे. वीस वर्षे हेच काम केलेल्या माणसाला पुन्हा बाकावर का बसवायचे? पंप तोच, नळी तीच, झुरळही तेच. मग त्याचे ज्ञान शिळे कसे होते? याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. ते दीडशे वर्षांच्या इतिहासात सापडते.

रंगाचा डबा आणि बटाट्याची कीड

१८६०च्या दशकात अमेरिकेत बटाट्याच्या शेतांवर एका पट्टेदार भुंगेऱ्याने धाड घातली. कोलोरॅडो भुंगेरा हे त्याचे नाव. शेतकऱ्यांनी त्यावर जो उपाय शोधला, तो रंगाच्या दुकानातून आला. 'पॅरिस ग्रीन' हा हिरवागार रंग भिंतींना देत असत. त्यात तांबे आणि अर्सेनिक, म्हणजे सोमल, असे. हा रंग पिठात किंवा पाण्यात कालवून झाडांवर टाकला की भुंगेरे मरतात, असे दिसून आले. किती घ्यायचा, कसा कालवायचा, वारा कोणीकडचा असताना टाकायचा, हे ज्याचे त्याने ठरवायचे. परवाना, प्रशिक्षण, लेबल यांपैकी काहीच नव्हते.

पुढे सफरचंदाच्या बागांत शिशाचे अर्सेनेट आले. विषांचा बाजार वाढला, तशी भेसळही वाढली. तेव्हा १९१० साली अमेरिकेने कीटकनाशकांविषयीचा पहिला केंद्रीय कायदा केला. पण त्याचा रोख कशावर होता, हे पाहण्यासारखे आहे. डब्यावर लिहिलेले विष डब्यात खरोखर आहे ना, एवढेच तो कायदा पाहत असे. शेतकऱ्याची फसवणूक होऊ नये, हा त्याचा हेतू. शेतकऱ्याचे फुप्फुस किंवा सफरचंद खाणाऱ्याचे पोट हा त्याचा विषयच नव्हता. १९२५च्या सुमारास ब्रिटनने अमेरिकन सफरचंदांवर सोमलाचे अवशेष सापडल्याची तक्रार केली आणि आयात बंद करण्याची धमकी दिली. त्यानंतर कुठे फळावर राहणाऱ्या विषाची मर्यादा ठरवण्याचे काम गांभीर्याने सुरू झाले.

म्हणजे पहिला धडा असा की विष शुद्ध असणे पुरेसे नाही. ते कोण वापरतो आणि कसे वापरतो, यावरही पुष्कळ काही अवलंबून असते. हा धडा कायद्यात उतरायला आणखी जवळजवळ पन्नास वर्षे लागली.

मेलँडरचा प्रश्न

दुसरा धडा १९१४ सालीच मिळाला होता. वॉशिंग्टन राज्यातील कीटकशास्त्रज्ञ ए. एल. मेलँडर यांच्याकडे फळबागायतदारांच्या तक्रारी येत होत्या. सॅन होजे खवले कीड ही झाडाच्या सालीला चिकटून रस शोषणारी कीड. तिच्यावर चुना आणि गंधक एकत्र उकळून केलेले द्रावण फवारत. पूर्वी या फवारणीने कीड साफ होत असे. आता काही भागांत ती जिवंत राहू लागली. बागायतदार म्हणत, औषधात भेसळ आहे. दुकानदार म्हणत, फवारणी नीट केली नाही.

मेलँडर यांनी वेगवेगळ्या ठिकाणच्या किडीवर तेच द्रावण वापरून पाहिले. एका भागातील कीड त्याने मरत होती. दुसऱ्या भागातील कीड मात्र कितीतरी तीव्र द्रावणालाही दाद देत नव्हती. दोष औषधात नव्हता, फवारणाऱ्याच्या हातातही नव्हता. बदलली होती ती कीड. मेलँडर यांनी आपल्या लेखाला शीर्षकच प्रश्नाचे दिले. कीटक फवारणीला प्रतिकार करू शकतील का, असा तो प्रश्न होता.

हे कसे घडते, हे वर्गात सहज सांगता येईल. लाखो किड्यांत दोनचार असे असतात की ज्यांना जन्मतःच ते विष कमी बाधते. फवारणीत बाकीचे मरतात, हे उरतात. पुढची पिढी यांचीच. पुन्हा फवारणी, पुन्हा तीच निवड. काही वर्षांत बागेत जी कीड दिसते ती सगळी या उरलेल्यांची वंशावळ असते. किडा विषाची 'सवय' करून घेतो, असे आपण बोलतो, पण ते बरोबर नाही. एकेकट्या किड्याला सवय होत नाही. फवारणीच्या चाळणीतून जे पार पडतात, त्यांचा वंश वाढतो. डार्विनची नैसर्गिक निवड शिकवायला याहून जवळचे उदाहरण मिळणे कठीण.

मेलँडर यांनी एक विचार मांडला होता. सगळीच कीड मारण्याचा अट्टहास धरू नये, काही साधी कीड जगू द्यावी, म्हणजे प्रतिकारक किडीशी तिचा संकर होत राहील. पुढे बीटी कपाशीभोवती बिगर-बीटी कपाशीच्या ओळी लावायला सांगत, त्यामागे हेच तत्त्व होते. आपल्याकडे बीटी बियाण्याबरोबर बिगर-बीटीची वेगळी पुडी मिळत असे. ती कशासाठी, हे पुष्कळांना नीट समजावून सांगितलेच गेले नाही आणि पुडी बांधावर पडून राहिली. पुढे गुलाबी बोंडअळी बीटीला जुमानेनाशी झाली.

डीडीटीची दहा वर्षे

मेलँडर यांचा प्रश्न लोक विसरले, कारण मध्येच डीडीटी आले. हा पदार्थ १८७४ सालीच प्रयोगशाळेत तयार झाला होता, पण तो कीटक मारतो हे स्वित्झर्लंडच्या पॉल म्युलर यांना १९३९ साली आढळले. दुसऱ्या महायुद्धात नेपल्स शहरात टायफसची साथ पसरत होती. उवांमुळे पसरणारा हा रोग १९४३-४४च्या हिवाळ्यात लाखो लोकांच्या अंगावर डीडीटीची भुकटी मारून आटोक्यात आणला गेला. म्युलर यांना १९४८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पण त्याआधीच, १९४७च्या सुमारास, युरोपात डीडीटीने न मरणाऱ्या घरमाशा सापडू लागल्या होत्या. योगायोग असा की त्याच १९४७ साली अमेरिकेने नवा कायदा केला. प्रत्येक कीटकनाशकाची नोंदणी व्हावी आणि डब्यावर सूचना असाव्यात, असे त्यात ठरले. सूचना लिहिणे बंधनकारक झाले, पण त्या पाळल्या नाहीत तर वापरणाऱ्याला केंद्रीय कायद्याने जाब विचारता येत नव्हता.

१९६२ साली रेचल कार्सन यांचे 'सायलेंट स्प्रिंग' प्रसिद्ध झाले. कीटकनाशकांवर सरसकट बंदी घाला, असे कार्सन म्हणत नव्हत्या. त्यांचा मुख्य आक्षेप असा होता की ज्यांना या विषांच्या परिणामांची कल्पना नाही, अशांच्या हाती ती बिनदिक्कत सोपवली गेली आहेत. पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्षांच्या वैज्ञानिक सल्लागार समितीने आपल्या अहवालात त्यांच्या मुद्द्यांना दुजोरा दिला. १९७० साली पर्यावरण संरक्षण संस्था स्थापन झाली. १९७२ साली डीडीटीचा शेतीतील वापर जवळजवळ पूर्ण थांबवण्यात आला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात १९४७च्या कायद्यात आमूलाग्र बदल झाला.

माणसाची परीक्षा

१९७२च्या दुरुस्तीने दोन नव्या गोष्टी आणल्या. पहिली, लेबलावरील सूचनेविरुद्ध कीटकनाशक वापरणे हाच गुन्हा ठरला. दुसरी, कीटकनाशकांचे दोन गट पडले. एक गट सर्वसाधारण वापराचा, तो कोणीही घ्यावा. दुसरा निर्बंधित वापराचा. ही विषे प्रमाणपत्र असलेल्या माणसानेच, किंवा त्याच्या देखरेखीखाली, वापरायची. आतापर्यंत कायदा डब्याची परीक्षा घेत होता. आता तो डबा उघडणाऱ्या माणसाचीही परीक्षा घेऊ लागला.

हे सुखासुखी झाले नाही. शेतकऱ्यांचा सवाल होता की आमच्याच शेतात फवारायला आम्ही परीक्षा का द्यायची? त्यांचा आवाज संसदेपर्यंत पोहोचला, आणि १९७५ साली कायद्यात असे कलम घातले गेले की स्वतःच्या शेतात फवारणाऱ्याला परीक्षेची सक्ती केंद्र सरकारने करू नये. राज्यांनी हवी तर ती ठेवावी. मग राज्याराज्यांतील कृषी विद्यापीठांच्या विस्तार सेवेने शेतकऱ्यांचे वर्ग घेतले. पंपाचे मोजमाप कसे करायचे, हातमोजे कोणते घालायचे, रिकामा डबा कुठे टाकायचा, लेबल कसे वाचायचे, असे साधे धडे होते.

१९७०च्या दशकात जे नियम झाले त्यांत एक छोटे कलम होते. प्रमाणपत्रधारकाचे ज्ञान बदलत्या तंत्राबरोबर राहावे, अशी काही तरी व्यवस्था प्रत्येक राज्याने केली पाहिजे, असा त्याचा आशय. किती वर्षांनी, हे सांगितले नव्हते. परवान्याला मुदत आली ती या कलमातून. कोणी एक वर्षाची ठेवली, कोणी तीन, कोणी पाच. २०१७ साली नियम नव्याने झाले तेव्हा पाच वर्षांहून अधिक मुदत असू नये, असे देशभरासाठी ठरले.

मधल्या काळात या मुदतीचे महत्त्व पटवून देणाऱ्या अनेक घटना घडल्या. त्यांतल्या दोन पाहू.

कपाशीचे विष घरात

मिथाइल पॅराथिऑन हे कपाशीवर फवारण्याचे जहाल विष. शरीरात मज्जातंतूंचा निरोप स्नायूपर्यंत पोहोचला की तो निरोप पुसून टाकणारे एक विकर असते. हे विष त्या विकरालाच निकामी करते. निरोप पुसला जात नाही, स्नायू आखडतात, श्वास अडखळतो. किड्याचे जे होते तेच, प्रमाण वाढले तर, माणसाचे होते.

१९९४ साली ओहायो राज्यातील लोरेन परगण्यात आणि १९९६ साली मिसिसिपी राज्यात असे उघडकीस आले की परवाना नसलेले काही जण हेच विष घराघरांत झुरळांसाठी फवारत होते. ते स्वस्त होते आणि झुरळे पटापट मरत. शेतात ऊन आणि पाऊस यांमुळे हे विष काही दिवसांत विघटित होते. बंद घरात ऊनही नाही आणि पाऊसही नाही. तिथे ते भिंतींत, जमिनीत, गालिच्यात महिनोन्‌महिने टिकून राहिले. शेकडो कुटुंबांना घरे सोडावी लागली, घरांतील भिंतींचे आणि जमिनीचे भाग उखडून काढावे लागले. सर्वांत जास्त धोका होता तो जमिनीवर रांगणाऱ्या मुलांना.

फवारणाऱ्यांनी विषाचा गुण अनुभवला होता, त्याचा स्वभाव त्यांना माहीत नव्हता. शेतात सुरक्षित मानलेली मात्रा घरात सुरक्षित असत नाही, ही गोष्ट नुसत्या अनुभवाने कळत नाही, कारण अनुभव सांगतो तो एवढाच की झुरळे मेली. बाकीचे शिकावेच लागते.

गोड नको म्हणणारे झुरळ

दुसरी घटना परवाना असलेल्यांची आहे. १९८०च्या दशकात झुरळांसाठी फवाऱ्याऐवजी विषारी आमिष वापरण्याची पद्धत आली. गोड पदार्थात थोडे विष कालवून ते कोपऱ्यात ठेवायचे. घरभर फवारा नको, माणसांना त्रास नको. पद्धत उत्तम होती. पण काही वर्षांत फ्लोरिडातील एका वस्तीत आमिष चालेनासे झाले. ज्यूल्स सिल्व्हरमन या कीटकशास्त्रज्ञाने तपासले तेव्हा चमत्कारिक गोष्ट दिसली. झुरळांना विष बाधत होते, पण ती आमिष खातच नव्हती. आमिषातील ग्लुकोज ती टाळत होती. हा गुण आनुवंशिक असल्याचे १९९३ साली प्रसिद्ध झाले. पुढे २०१३ साली नॉर्थ कॅरोलिना राज्य विद्यापीठातील संशोधकांनी, सिल्व्हरमन यांच्यासह, कारणही दाखवले. या झुरळांच्या चवीच्या ज्या पेशी कडू चव ओळखतात, त्यांनाच ग्लुकोज चेतवते. आपल्या भाषेत सांगायचे तर त्यांना साखर कडू लागते.

मेलँडर यांच्या खवले किडीने विष पचवले होते. या झुरळांनी विषाला तोंडच लावले नाही. चाळणी वेगळी, तत्त्व तेच. १९८५ साली परवाना घेतलेल्या माणसाला हे कोण सांगणार? तो आमिषाचे प्रमाण वाढवील, नाहीतर पुन्हा फवाऱ्याकडे वळेल, आणि दोन्हींत नुकसान घरातल्यांचेच. उजळणीचे तास असतात ते यासाठी.

याच यादीत आणखी भर घालता येईल. डीडीटीनंतर अमेरिकेत ढेकूण इतके कमी झाले की पेस्ट कंट्रोलवाल्यांची एक अख्खी पिढी ढेकूण न पाहताच मोठी झाली. २०००च्या आगेमागे ढेकूण परत आले, तेव्हा या अनुभवी माणसांना ढेकूण पहिल्यापासून शिकावा लागला. क्लोरपायरीफॉस हे तिथे घरात सर्रास फवारले जाई. २००० साली त्याचा घरगुती वापर थांबवण्याचे ठरले. काल जे योग्य होते ते आज बेकायदा ठरले. किडी बदलतात, विषे बदलतात, विषांविषयीचे आपले ज्ञान बदलते. या तीन गोष्टी स्थिर असत्या तर परवान्याला मुदत लागली नसती.

आपल्याकडे

आपल्या देशातील कायद्याची कथा एका शोकांतिकेने सुरू होते. १९५८ साली केरळात आणि मद्रास राज्यात विषबाधा होऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. गव्हाच्या पिठाची वाहतूक पॅराथिऑनच्या साठ्याबरोबर झाली होती आणि सांडलेले विष पिठात मुरले होते. चौकशी आयोगाचे काम मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शाह यांच्याकडे होते. त्यातूनच पुढे १९६८चा कीटकनाशक कायदा आणि १९७१चे नियम आले. या नियमांनुसार पेस्ट कंट्रोलचा व्यवसाय करू इच्छिणाऱ्याकडे कृषी पदवी किंवा रसायनशास्त्र विषयासह विज्ञानाची पदवी हवी, शिवाय मान्यताप्राप्त संस्थेतील किमान १५ दिवसांचे प्रशिक्षण हवे. म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था ही अशा संस्थांपैकी एक.

परंतु त्याच कायद्याचे ३८वे कलम वाचावे. स्वतःच्या घरात, परसबागेत किंवा स्वतः कसत असलेल्या जमिनीत कीटकनाशक वापरणाऱ्याला हा कायदा लागू नाही. सवलत म्हणून ती समजण्यासारखी आहे. देशातील कोट्यवधी शेतकऱ्यांना परवाने कसे देणार? पण सवलतीबरोबर शिक्षणाची जबाबदारीही सुटली. अमेरिकेतही 'देखरेखीखाली' काम करणारा मजूर बराच काळ असाच बाहेर राहिला होता. अशा मजुरांना दरवर्षी प्रशिक्षण द्यावे किंवा तितकीच खात्रीची दुसरी व्यवस्था करावी, हे तिथेही २०१७च्या नियमांनीच आणले.

आणि २०१७ सालीच यवतमाळ जिल्ह्यात काय झाले, हे आपल्याला ठाऊक आहे. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, हवा दमट, पाठीवर पंप, अंगात साधा सदरा, आणि दोनतीन विषे एकत्र कालवलेली. फवारणी करणारे शेकडो जण रुग्णालयांत दाखल झाले आणि वीसच्या आसपास दगावले. त्यांत स्वतःची शेती नसलेले मजूरही होते. वाढलेल्या कपाशीत फवारा पानांवर न पडता तोंडावर येतो, आणि दोन विषे एकत्र केली की त्यांचा परिणाम बेरजेहून जास्त होऊ शकतो. हे कोणत्याही उजळणी वर्गाच्या पहिल्या तासाचे धडे आहेत. पण हा वर्ग त्यांच्यासाठी भरलाच नव्हता.

मग तो कुठे भरणार? माझ्या मते एक जागा आपल्या हातात आहे, ती म्हणजे आठवी-नववीचा वर्ग. ग्रामीण शाळांतील कितीतरी मुले सुट्टीत वडिलांच्या मागे शेतात जातात, काही स्वतः पंप उचलतात. त्यांना लेबल वाचायला शिकवता येईल. प्रत्येक डब्यावर कोपऱ्यावर उभा केलेला एक चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्यानंतर पिवळा, मग निळा, आणि हिरवा म्हणजे त्या मानाने सौम्य. आतल्या माहितीपत्रकावर पिकाचे नाव, मात्रा, विषबाधेची लक्षणे आणि प्रथमोपचार छापलेले असतात. अक्षर बारीक असते, भाषा किचकट असते. ती सोपी करून फळ्यावर लिहिणे हा मराठीचा आणि विज्ञानाचा एकत्र तास होईल. मात्र डबे आणि बाटल्या, अगदी रिकाम्यासुद्धा, वर्गात आणू देऊ नयेत. चौकोनाचे चित्र आणि मजकूर मुलांनी वहीत उतरवून आणावा.

त्याच लेबलावर आणखी एक ओळ मुलांना शोधायला सांगावी, मुदत संपण्याच्या तारखेची. बाटलीतल्या विषाला मुदत असते, हे मुलांना लगेच पटते. ते कसे वापरावे या ज्ञानालाही मुदत असते, हे त्यांना पटवून देणे आपले काम आहे.